ड्रायव्हरमधील स्मृतीची मालकी व तिची निरवानिरव

१. विषयप्रवेश

संगणकाच्या कार्यप्रणालींचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच प्रक्रियांचे नियोजन, फाइलींची रचना, संगणकांमधील दळणवळण अशा ठळक विषयांकडे जाते. ह्या सर्वांच्या तळाशी मात्र एक साधा दिसणारा प्रश्न आहे आणि त्याची चर्चा बहुधा तांत्रिक सूचनांपुरतीच होते. तो प्रश्न असा: कर्नेलमध्ये एखाद्या कामासाठी घेतलेली स्मृती काम सरल्यावर परत कोणी करावयाची?

सामान्य प्रोग्रॅमच्या बाबतीत ह्या प्रश्नाची धार बोथट असते. प्रोग्रॅम संपला की त्याने घेतलेली सर्व स्मृती कार्यप्रणाली काढून घेते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा विसरभोळेपणा त्याच्याबरोबरच संपुष्टात येतो. डिव्हाइस ड्रायव्हरची, म्हणजे विशिष्ट उपकरणाशी बोलणाऱ्या कर्नेलमधील भागाची, गोष्ट निराळी आहे. युनिक्स, लिनक्स किंवा विंडोज एनटीच्या वळणाच्या कार्यप्रणालींत ड्रायव्हर सामान्यतः कर्नेलच्याच घरात राहतो. त्याच्या मागून आवरणारे दुसरे कोणी नसते. त्याने परत न केलेली स्मृती यंत्र बंद होईपर्यंत अडकून पडते, आणि एकदा परत केलेली स्मृती त्याने पुन्हा वापरली वा पुन्हा परत केली, तर ती तोपर्यंत दुसऱ्याच कोणाच्या हाती गेलेली असण्याचा संभव असतो.

दूरच्या प्रवासास निघण्यापूर्वी किंवा आयुष्याच्या अखेरीस मनुष्य आपल्या देण्याघेण्याची जी व्यवस्था लावतो, तिला मराठीत ‘निरवानिरव’ असा सुंदर शब्द आहे. ड्रायव्हरने जाताना करावयाच्या आवराआवरीस प्रस्तुत लेखात हाच शब्द योजिला आहे. ह्या विषयाचा इतिहास सामान्यतः हाताने करावयाच्या कामाकडून आपोआप होणाऱ्या कामाकडे झालेली प्रगती म्हणून सांगितला जातो. हे कथन खोटे नाही, परंतु अपुरे आहे. स्मृती कोणी मागून घेतली, ह्यावरून तिची निरवानिरव ठरत नाही. तिचा शेवटचा उपयोग कोण करणार, ह्यावरून ती ठरते. स्वयंचलित साधनांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे केले, परंतु त्यामुळेच काही काळ दुसरा प्रश्न दृष्टिआड झाला, हे दाखविणे हा ह्या लेखाचा उद्देश आहे.

२. सहावी आवृत्ती: पंधरा बफरांचा संसार

ह्या इतिहासाचा आरंभ युनिक्सच्या १९७५ मधील सहाव्या आवृत्तीपासून करणे सोयीचे आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स ह्यांनी ह्या आवृत्तीच्या कर्नेलचा मूळ पाठ व त्यावरील भाष्य विद्यार्थ्यांसाठी तयार केले. ते अनेक वर्षे छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिले आणि १९९६ मध्ये रीतसर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. दहा हजारांहूनही कमी ओळींचा हा पाठ आजही एका बैठकीत नसला तरी एका सत्रात संपूर्ण वाचून होण्याजोगा आहे.

ह्या कर्नेलमधील ड्रायव्हर चालू यंत्रात स्वतःसाठी स्मृती मागून घेत नसे. त्याला लागणारी कोष्टके कर्नेल तयार करतानाच ठरलेल्या जागी बसविलेली असत. आरके नावाच्या डिस्कचा ड्रायव्हर घेतला, तर कामांच्या रांगेसाठी एक कोष्टक आणि थेट व्यवहारासाठी एक बफर-शीर्षक, एवढेच त्याचे खाजगी धन होते. ते त्याच्याकडे यंत्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत राही. ज्याचे आयुष्य कर्नेलच्या आयुष्याएवढेच आहे, त्याला निरवानिरव करण्याचा प्रसंगच येत नाही.

परंतु ड्रायव्हरच्या हातून जाणारी स्मृती मात्र त्याची नसे. डिस्कवरील मजकूर ५१२ बाइटांच्या बफरांतून येईजाई आणि प्रचलित मांडणीत असे बफर सर्व यंत्रासाठी मिळून फक्त १५ होते. त्यांतील एक तर मूळ फाइलव्यवस्थेच्या शीर्षखंडासाठी यंत्र सुरू होतानाच कायमचा गुंतून पडे. बफर कोणाच्या ताब्यात आहे ह्याची नोंद बफरावरच असे. ‘व्यग्र’ ही खूण असेल तर तो कोणीतरी घेतलेला आहे. ती नसेल तर, आणि तरच, तो मोकळ्या बफरांच्या यादीत आहे. हा नियम मूळ पाठातच टिपणीच्या रूपाने स्पष्ट सांगितलेला आहे.

काम पूर्ण झाल्यावर बफर कोणी मोकळा करावयाचा, ह्याची योजना विशेष अभ्यसनीय आहे. उपकरणाने इंटरप्ट दिला की ड्रायव्हर काम संपल्याचे एका ठराविक फंक्शनास कळवी. ते फंक्शन बफरावरील दुसरी एक खूण पाही. काम मागणारा उत्तराची वाट पाहत थांबला असेल, तर बफर तसाच ठेवून त्याला फक्त जागे केले जाई आणि मोकळा करण्याचे काम त्याच्याकडे राही. काम मागणारा न थांबता पुढे निघून गेला असेल, तर तेथल्या तेथे बफर मोकळा केला जाई. म्हणजे बफर कोणी मागितला होता, हे येथे निर्णायक नव्हते. आता त्याची वाट पाहणारा कोणी उरला आहे काय, ह्यावरच निर्णय होत असे. पुढील पन्नास वर्षांत ज्या तत्त्वाचा पुनःपुन्हा शोध लागला, ते ह्या चार-दोन ओळींत बीजरूपाने आढळते.

दारिद्र्यामुळे शिस्तही आपोआप लागे. मोकळ्या बफरांची यादी रिकामी झाली की बफर मागणारा झोपी जाई. त्यामुळे बफर परत करण्यास विसरणारा ड्रायव्हर फार काळ लपून राहणे शक्य नव्हते; चौदा विस्मरणांत सारे यंत्र ठप्प झाले असते. आज गिगाबाइटांनी मोजल्या जाणाऱ्या स्मृतीत तशीच चूक महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ह्या आवृत्तीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रक्रियांसाठी मुख्य स्मृती देणारे फंक्शन कोणाला किती दिले ह्याची कोणतीही नोंद ठेवीत नसे. परत करणाऱ्यानेच पत्ता आणि आकार दोन्ही सांगावयाचे आणि व्यवस्थेने त्यावर विश्वास ठेवावयाचा. मालकी तेथे सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या मनात होती.

३. संकेतांवर चाललेला व्यवहार

१९८३ मधील ४.२ बीएसडीने जाळ्यांतील दळणवळणासाठी एमबफ नावाचे लहान स्मृतिखंड प्रचारात आणले. डिस्कच्या बफराप्रमाणे हे खंड मागणाऱ्याकडे परतत नसत. वरच्या थराने पाठवावयाचा मजकूर खंडांच्या साखळीत भरावयाचा आणि ती साखळी खालच्या थराच्या स्वाधीन करावयाची. स्वाधीन केल्यानंतर वरच्या थराचा तिच्यावर काही हक्क उरत नसे. पाठविणे अयशस्वी झाले तरी साखळी मोकळी करण्याचे काम खालच्या थराचेच. हे देणे उसने देणे नव्हते, ती पूर्ण हस्तांतरणाची क्रिया होती.

लिनक्समध्ये ह्याच प्रसंगी थोडा निराळा संकेत रूढ झाला. जाळ्याच्या ड्रायव्हरकडे मजकुराचा खंड दिला असता ड्रायव्हर जे मूल्य परत करतो, त्यावर मालकी ठरते. ‘स्वीकारले’ असे उत्तर आल्यास खंड ड्रायव्हरचा झाला आणि पुढे तो मोकळा करणे त्याच्यावर बंधनकारक झाले. ‘व्यग्र आहे’ असे उत्तर आल्यास खंड देणाऱ्याचाच राहिला. ड्रायव्हरने तो मोकळा करता कामा नये, इतकेच नव्हे तर त्याचा पत्ताही जवळ ठेवता कामा नये. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. परंतु एका कार्यप्रणालीच्या सवयीने दुसरीत लिहिणारा मनुष्य एकतर खंड दोनदा मोकळा करील किंवा एकदाही करणार नाही. सी भाषेत पॉइंटर हा केवळ पत्ता असतो. त्या पत्त्यावरील वस्तू आपली की परक्याची, ह्याविषयी भाषा मौन पाळते.

ह्या व्यवहारात आणखी एक पक्ष आहे आणि तो कोणतेही संकेत जाणत नाही. तो म्हणजे प्रत्यक्ष उपकरण. प्रोसेसरला मध्ये न घेता उपकरण थेट स्मृतीत लिहू शकते, ह्यास डीएमए म्हणतात. सहाव्या आवृत्तीतसुद्धा थेट व्यवहार चालू असताना प्रक्रियेला मुख्य स्मृतीतच अडकवून ठेवणारी खूण केली जाई. एरवी ती प्रक्रिया डिस्कवर हलविली गेली असती आणि उपकरणाने तिच्या जागी आलेल्या दुसऱ्याच प्रक्रियेच्या स्मृतीत मजकूर ओतला असता. पुढे लिनक्समध्ये हाच विचार स्पष्ट नियमाच्या रूपाने मांडला गेला: बफर उपकरणासाठी एकदा जोडला की तो उपकरणाचा, आणि सोडवून घेईपर्यंत प्रोसेसरने त्याला हात लावावयाचा नाही. येथे मालकी आणि ताबा ह्यांतील भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. स्मृती मोकळी करण्याचा अधिकार ड्रायव्हरकडेच असतो, पण ताबा उपकरणाकडे असेपर्यंत त्या अधिकाराचा वापर करणे घातक ठरते. म्हणूनच निरवानिरवीत प्रथम उपकरण थांबवावयाचे, मग इंटरप्ट सोडावयाचा आणि सर्वांत शेवटी स्मृती परत करावयाची, असा क्रम पाळावा लागतो.

संकेतांची जागा नोंदींनी घेण्याचा एक प्रयत्न १९८८ मध्ये दिसतो. मॅककुसिक व कॅरल्स ह्यांनी बीएसडी कर्नेलसाठी सर्वसाधारण स्मृतिवाटपाची जी योजना मांडली, तीत आकार सांगण्याचे ओझे परत करणाऱ्यावरून दूर झाले आणि प्रत्येक मागणीबरोबर ती कोणत्या प्रकारच्या कामासाठी आहे हे सांगणे आवश्यक झाले. विंडोज एनटीमध्ये मागणीवर चार अक्षरांची खूण टाकण्याची सोय होती आणि २००० साली विंडोज २००० बरोबर आलेला ड्रायव्हर व्हेरिफायर कर्नेलमधून निघणाऱ्या ड्रायव्हरने काही मागे ठेवले आहे काय, हे तपासू लागला. परंतु ह्या नोंदी हिशेबतपासनिसाच्या होत्या. चूक कोठे झाली हे त्यांच्यावरून कळे; चूक होऊ न देणे त्यांच्या हातात नव्हते.

४. ड्रायव्हरास प्राप्त झालेले मरण

ड्रायव्हरचे आयुष्य कर्नेलएवढे असेपर्यंत प्रश्न मर्यादित होता. तो उग्र झाला तो ड्रायव्हर मध्येच जाऊ लागल्यावर. १९९० नंतरच्या दशकात चालू कर्नेलमध्ये ड्रायव्हर बसविण्याची व काढण्याची सोय सर्वत्र रुळली. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर उपकरण केव्हाही उपटून काढणे ही अपवादात्मक घटना न राहता नित्याची गोष्ट झाली.

जाणाऱ्या ड्रायव्हरचा उपयोग कोणी करीत आहे काय, हे पाहण्यासाठी आरंभीच्या लिनक्समध्ये ड्रायव्हर स्वतःच एक गणती ठेवीत असे: कोणी उपकरण उघडले की एक वाढवावयाचा, बंद केले की एक कमी करावयाचा. ह्यातील दोष सूक्ष्म आहे. कर्नेलने ड्रायव्हरमध्ये प्रवेश केल्यापासून गणती वाढविणारी आज्ञा अमलात येईपर्यंत क्षणभर अवकाश असतो, आणि त्या क्षणी गणती शून्य असल्याने ड्रायव्हर काढला जाऊ शकतो. घर पाडले जाऊ नये म्हणून घरात शिरून दिवा लावावयाचा, परंतु उंबरठा ओलांडण्यापूर्वीच घर पडावयाचे, तसा हा प्रकार. जानेवारी २००१ मधील लिनक्स २.४ मध्ये फाइलक्रियांच्या कोष्टकात ‘ओनर’, म्हणजे शब्दशः ‘मालक’, ह्या नावाचा रकाना होता आणि त्यामुळे ही गणती बाहेरून कर्नेलला करता येऊ लागली. कोणीही स्वतःच्या अस्तित्वाची हमी स्वतः देऊ शकत नाही, हा धडा येथे प्रथम स्पष्टपणे मिळाला.

प्रश्नाचे गांभीर्य ह्याच वर्षांत आकड्यांनीही प्रत्ययास आले. स्टॅनफर्ड येथील अँडी चाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लिनक्सच्या ड्रायव्हरांमधील दोषांचे प्रमाण कर्नेलच्या इतर भागांच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत असल्याचे आढळले. वॉशिंग्टन विद्यापीठातील स्विफ्ट, बर्शाड व लेव्ही ह्यांनी २००३ मध्ये विंडोज एक्सपीच्या त्या सुमारास नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे होत असल्याचे नमूद केले. त्यांच्या ‘नुक्स’ ह्या योजनेत ड्रायव्हर कर्नेलच्या कोणकोणत्या वस्तू वापरतो ह्याची नोंद ड्रायव्हरच्या बाहेर ठेवली जाई, जेणेकरून ड्रायव्हर कोसळल्यास त्याच्या मागे त्याची निरवानिरव दुसऱ्याला करता यावी.

५. परतीची शिडी आणि २०१६ मधील एक प्रकरण

ड्रायव्हर उपकरणाशी जोडला जाताना एकामागून एक गोष्टी मिळवितो: स्मृती, उपकरणाच्या पत्त्यांची जोडणी, इंटरप्ट, आणि शेवटी वरच्या थराकडे नोंदणी. चौथ्या पायरीवर अपयश आले तर आधीच्या तीन उलट्या क्रमाने परत कराव्या लागतात. तिसरीवर आले तर दोन. सी भाषेत अपवादांची सोय नसल्याने लिनक्समध्ये ह्यासाठी ‘गोटू’ची शिडी रूढ झाली. फंक्शनाच्या शेवटी परतीच्या पायऱ्या लिहावयाच्या आणि अपयशाच्या जागेवरून योग्य पायरीवर उडी घ्यावयाची. गोटूचा एरवी कितीही निषेध झालेला असला, तरी येथे तिचा उपयोग शिस्तबद्ध आहे आणि लिनक्सच्या ड्रायव्हरांवरील प्रमाणग्रंथांतूनही तीच रीत शिकविली गेली.

शिडीतील खरी अडचण निराळी आहे. अपयशाची वाट क्वचितच चालली जाते, म्हणून ती क्वचितच तपासली जाते. शिवाय प्रत्येक पायरीगणिक मालकी बदलू शकते, पण शिडीत ते कोठेही लिहिलेले नसते. फेब्रुवारी २०१६ मध्ये उघडकीस आलेला, सीव्हीई-२०१६-२३८४ ह्या क्रमांकाने ओळखला जाणारा दोष ह्याचे नमुनेदार उदाहरण आहे. तो लिनक्समधील यूएसबीवरून चालणाऱ्या मिडी वाद्यांच्या ड्रायव्हरमध्ये होता. उपकरण जोडले जाताना ड्रायव्हर आपल्या माहितीसाठी एक स्मृतिखंड घेई. मग तो ध्वनिव्यवस्थेकडे नोंदणी करी, आणि त्या नोंदणीबरोबरच हा खंड मोकळा करण्याचे कामही ध्वनिव्यवस्थेकडे जाई. त्यानंतरच्या पायरीवर, म्हणजे उपकरणाच्या जोडणीबिंदूंची तयारी करताना, अपयश आले की ड्रायव्हर जुन्या समजुतीने तो खंड स्वतः मोकळा करी. आणि मग ध्वनिव्यवस्था आपली आवराआवर करताना तोच खंड पुन्हा मोकळा करी.

हे अपयश घडवून आणणे कठीण नव्हते. स्वतःविषयी मुद्दाम विसंगत वर्णन देणारे उपकरण यंत्रास लावणे पुरेसे होते. एकच खंड दोनदा मोकळा झाला, की तो एकाच वेळी दोघांस दिला जाण्याचा धोका निर्माण होतो. त्याचा फायदा घेऊन हल्लेखोराला कर्नेलवर ताबा मिळविता येतो. यंत्राजवळ पोहोचू शकणाऱ्या कोणालाही एका लहानशा उपकरणाने हे साधणे शक्य होते, म्हणून ह्या दोषास महत्त्व आले. त्याची दुरुस्ती मोठी उद्बोधक आहे. तीत नवीन काही घालण्यात आले नाही. नोंदणीनंतरच्या वाटेवरील खंड मोकळा करण्याची आज्ञा तेवढी गाळण्यात आली. ड्रायव्हर लिहिणारा येथे निष्काळजी नव्हता, उलट जरुरीपेक्षा अधिक दक्ष होता. खंड आपण मागून घेतला, म्हणून तो आपणच परत केला पाहिजे, असे त्याने मानले. परंतु दोन ओळींपूर्वीच ते दायित्व दुसऱ्याकडे गेले होते.

६. नोंदवही आणि तिचा धनी

लिनक्समध्ये ह्या शिड्यांना पर्याय देणारी योजना तेजुन हेओ ह्यांनी मांडली आणि ती एप्रिल २००७ मधील २.६.२१ ह्या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिचे नाव ‘डेव्हरेस’. डिस्क-नियंत्रकांच्या ड्रायव्हरांत पत्त्यांच्या जोडण्या सांभाळताना आणि त्या नेमक्या सोडविताना होणाऱ्या कटकटीतून ती जन्मास आली. कल्पना साधी आहे. प्रत्येक उपकरणाच्या नावे कर्नेलने एक यादी ठेवावयाची. ड्रायव्हरने ‘डेव्हएम’ ह्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फंक्शनांद्वारे काही मागितले की ते त्या यादीत चढते. आणि जोडणी अयशस्वी झाली किंवा ड्रायव्हर उपकरणापासून विलग झाला की यादीतील सर्व गोष्टी उलट्या क्रमाने परत केल्या जातात. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज व्हिस्टाच्या काळात ड्रायव्हरांसाठी जी चौकट पुढे आणली, तीत वस्तूंची वंशावळ असून पालक-वस्तू गेली की तिची अपत्ये जातात. दोन निराळ्या परंपरांनी एकाच सुमारास निरवानिरव ड्रायव्हरच्या हातातून काढून एका बाहेरच्या वहीकडे सोपविली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ह्या वहीचे उपकार मोठे आहेत. अनेक ड्रायव्हरांतील शिड्या नाहीशा झाल्या आणि त्यांबरोबर त्यांतील चुकाही गेल्या. परंतु कालांतराने दोन अडचणी स्पष्ट झाल्या. पहिली क्रमाची. अर्ध्या गोष्टी वहीत आणि अर्ध्या हाताने, अशी मिसळ केली की क्रम बिघडतो. इंटरप्ट वहीत आहे म्हणून तो सर्वांत शेवटी सुटणार, पण त्याला लागणारी स्मृती ड्रायव्हरने हाताने आधीच परत केलेली. मधल्या क्षणी इंटरप्ट आला तर तो मोकळ्या झालेल्या स्मृतीवर चालतो.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. लॉरेंट पिंचार्ट ह्यांनी २०२२ मध्ये डब्लिन येथे भरलेल्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत ती ठामपणे मांडली. समजा, एखादा प्रोग्रॅम कॅमेऱ्याची फाइल उघडून बसला आहे आणि वापरणाऱ्याने कॅमेरा उपटला. ड्रायव्हर विलग झाला, वहीप्रमाणे त्याची सर्व स्मृती परत गेली. परंतु प्रोग्रॅमच्या हाती फाइल अद्याप उघडीच आहे. काही वेळाने तो ती बंद करतो, तेव्हा बंद करण्याचे काम ड्रायव्हरच्या त्याच स्मृतीकडे जाते, आणि ती तर केव्हाच दुसऱ्याची झालेली असते. वहीने आपले काम चोख केले. परंतु नोंद चुकीच्या धन्याच्या नावे होती. येथे तीन निरनिराळी आयुष्ये आहेत: उपकरणाचे, ड्रायव्हर व उपकरण ह्यांच्या जोडणीचे, आणि उघड्या फाइलीचे. वही जोडणीच्या आयुष्याशी बांधलेली होती, तर ह्या स्मृतीचा शेवटचा उपयोग फाइलीच्या आयुष्याच्या अखेरीस व्हावयाचा होता.

ह्यावर दोष वहीचा की ती सरसकट वापरणाऱ्यांचा, असा वाद झाला. प्रस्तुत लेखकास दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. इंटरप्ट किंवा पत्त्यांची जोडणी ह्यांना उपकरण गेल्यावर काही अर्थच उरत नाही. त्या जोडणीच्या नावेच लिहिल्या पाहिजेत. ज्या स्मृतीकडे फाइलीतून वाट जाते, तिच्यासाठी मात्र सहभागींची गणती ठेवणारी आणि शेवटचा सहभागी गेल्यावरच मोकळी करणारी रीत हवी. अशी गणती ठेवण्याचे साधन २००४ पासूनच लिनक्समध्ये ‘केरेफ’ ह्या नावाने उपलब्ध होते. चित्रपटलाच्या ड्रायव्हरांसाठी डॅनियल व्हेटर ह्यांनी २०२० मध्ये वहीचीच रीत कायम ठेवून तिचा धनी बदलला: नोंद जोडणीच्या नावे न करता, उघड्या फाइली जिला जिवंत ठेवतात त्या वस्तूच्या नावे केली. वही तीच, नाव निराळे. आणि तेवढ्याने ही अडचण मिटली.

७. भाषेकडे वळलेला प्रश्न

अलीकडच्या काळात हा प्रश्न कर्नेलच्या वह्यांतून भाषेच्या व्याकरणात शिरला आहे. ऑगस्ट २०२३ मधील लिनक्स ६.५ मध्ये पीटर झायल्स्ट्रा ह्यांनी आणलेल्या साधनांमुळे सी भाषेतही चलाची व्याप्ती संपताच त्याच्याशी बांधलेली निरवानिरव आपोआप होऊ लागली. त्यामागे संकलकाने फार पूर्वीपासून देऊ केलेली एक सोय आहे. ह्यातील विशेष महत्त्वाचा भाग असा की, मालकी दुसऱ्यास देताना ती दिल्याचे आता शब्दांत लिहावे लागते. लिहिले की मूळ पॉइंटर शून्य होतो आणि आपोआप होणारी निरवानिरव टळते. मिडीच्या ड्रायव्हरमध्ये जे हस्तांतरण नकळत झाले होते, त्याला येथे उच्चार प्राप्त झाला.

रस्ट भाषा ह्याच्या पुढे जाते. तिला डिसेंबर २०२२ मधील लिनक्स ६.१ मध्ये प्रवेश मिळाला आणि मार्च २०२४ मधील ६.८ मध्ये तिच्यात लिहिलेला जाळ्याचा एक लहान ड्रायव्हर मुख्य कर्नेलमध्ये आला. ह्या भाषेत प्रत्येक मूल्याचा एका वेळी एकच मालक असतो. दिलेली वस्तू पुन्हा वापरणारा प्रोग्रॅम संकलकच नाकारतो. बीएसडीचा ‘साखळी दिली म्हणजे दिली’ हा तोंडी संकेत येथे व्याकरणाचा नियम झाला आहे.

तथापि, भाषेलाही मर्यादा आहेतच. उपकरण उपटणारा हात भाषेच्या नियमांत बसत नाही. म्हणूनच २०२५ मध्ये रस्टच्या ड्रायव्हरांसाठी जी जोड दिली गेली, तीत उपकरणाची साधने सरळ मालकीने न देता ‘रद्द होऊ शकणाऱ्या’ आवरणात दिली जातात आणि प्रत्येक उपयोगापूर्वी जोडणी अजून अस्तित्वात आहे काय हे विचारावे लागते. स्मृतीचे आयुष्य आणि उपकरणाचे आयुष्य ह्यांची फारकत येथे प्रथमच प्रकारांच्या पातळीवर मान्य केली गेली. मात्र कोणती गोष्ट कोणत्या आयुष्याशी बांधावयाची, ह्याचा निर्णय आजही लिहिणाऱ्याकडेच आहे.

८. उपसंहार

ह्या साऱ्या प्रवासात मालकीची नोंद स्थाने बदलीत गेलेली दिसते. ती प्रथम लिहिणाऱ्याच्या मनात आणि बफरावरील खुणेत होती; मग परत येणाऱ्या मूल्यांच्या संकेतांत, मग उपकरणाच्या वहीत, आणि शेवटी भाषेच्या व्याकरणात आली. प्रत्येक स्थलांतराने चुकांचा एक वर्ग कमी केला. पॅलिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेल्या फेरतपासणीत लिनक्सच्या ड्रायव्हरांमधील दोषांचे प्रमाण इतर काही विभागांपेक्षा खाली आल्याचे आढळले. ह्याचे श्रेय कोणा एका साधनास देता येणार नाही, परंतु दहा वर्षांपूर्वीची स्थिती अटळ नव्हती, एवढे त्यावरून सिद्ध होते.

परंतु कोणत्याही स्थलांतराने मूळ प्रश्न नाहीसा केला नाही. सहाव्या आवृत्तीतील ते लहानसे फंक्शन बफर कोणी मागितला होता हे विचारीत नव्हते. त्याची वाट पाहणारा कोणी उरला आहे काय, एवढेच ते विचारीत होते. मिडीचा ड्रायव्हर आणि कॅमेऱ्याची उघडी फाइल ह्या दोन्ही प्रकरणांत नेमका हाच प्रश्न विचारावयाचा राहून गेला होता. पहिल्यात तो मनुष्याने विचारला नाही, दुसऱ्यात वहीने.

विद्यार्थ्यांनी ड्रायव्हर वाचताना आरंभ यशाच्या वाटेपासून न करता अपयशाच्या व विलग होण्याच्या वाटेपासून करावा, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक स्मृतिखंडाशी थांबून तो कोठून आला हे पाहण्यापूर्वी त्याचा शेवटचा उपयोग कोण करणार हे लिहून काढावे आणि मग तो त्याच्याच नावे नोंदलेला आहे काय हे पडताळावे. ही दोन्ही उत्तरे जेथे जुळत नाहीत, तेथे दोष आजच दिसत नसला तरी तो तेथे आहे, असे समजण्यास हरकत नाही.